पडलेला पेला आधी उचलायचा

३ मार्च, सोमवार

शाळा बंद होणार. शाळा समितीच्या संध्याकाळच्या सभेत हात वर करून ठरलं. बाजूनं पाच, विरुद्ध दोन. मे महिना संपला की आमच्या नॉयफेल्ड गावची पोरं बसनं पंचवीस मैल लांबच्या मोठ्या शाळेत जाणार. एकशे चार वर्षांची शाळा बारा मिनिटं चाळीस सेकंदांत निकालात निघाली. हो, मी मोजलं. चौतीस वर्षं पीटी शिकवलेल्या बाईच्या गळ्यातलं स्टॉपवॉच रिटायर झाल्यावरही निघत नाही. रविवारी चर्चमध्ये प्रवचनसुद्धा मोजते. पास्टर माझ्याकडे बघतो आणि आवरतं घेतो, त्याबद्दल गाव मनातल्या मनात माझे आभार मानत असणार.

सभा उठता उठता मी उभी राहिले. म्हटलं, "बंद करायची तर करा. पण सतरा मेला हॉलमध्ये पेल्यांचा दिवस होईल. शेवटचा. किल्ली माझ्याकडे द्या."

मुख्याध्यापक तरुण आहे, कुणाला दुखवत नाही. म्हणाला, "मिसेस वीबी, तुम्ही रिटायर झाल्यापासून सहा वर्षांत इथं कुणी पेले रचलेले नाहीत. पोरांना माहीत तरी आहे का?"

"म्हणूनच किल्ली मागतेय," मी म्हटलं.

दिली. देणार नाही तर काय, त्याच्या बायकोला मी दोरीवर चढायला शिकवलंय.

५ मार्च, बुधवार

आर्डिसला बरोबर घेऊन हॉल उघडला. आर्डिसनं शाळेचं स्वयंपाकघर तीस वर्षं सांभाळलं. माझी मैत्रीण ती एकच, बाकीच्या ओळखीच्या बायका. कपाटातून खोकी काढली. तीनशेसाठ पेले, तीस संच. सगळे माझ्या नवऱ्याच्या, हार्लनच्या हातून गेलेले. नव्याण्णव साली डेन्व्हरच्या शिक्षक मेळाव्यात मी हा खेळ पहिल्यांदा पाहिला. बारा पेले, त्यांचे मनोरे चढवायचे, उतरवायचे, घड्याळाशी शर्यत. घरी येऊन हार्लनला दाखवला तर म्हणाला, "म्हणजे भांडी लावायची, पण पळत पळत." हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता. पण दुसऱ्या दिवशी गॅरेजमधून ड्रिलचा आवाज. पेल्याच्या बुडाला भोक नसलं तर हवा कोंडते आणि एकात एक अडकून बसतात, हे मी एकदाच सांगितलं होतं. त्यानं तीनशेसाठ पेल्यांना भोकं पाडली. आठवडाभर त्याच्या केसांत प्लास्टिकचा भुगा असायचा. तो जाऊन आता सात वर्षं होतील.

एका गोष्टीनं मात्र वाईट वाटलं. हॉलला वासच राहिला नाही. लाकडाची जमीन, मेण, रबरी बूट आणि पोरांचा घाम, सगळं मिळून जो वास यायचा तो गेला. हल्ली मेणसुद्धा स्वस्तातलं आणत असतील. आर्डिसला म्हटलं तर ती नाक वर करून म्हणाली, "लोर्ना, डोळे मिटून आत आणलं असतं तरी मी सांगितलं असतं कुठं आहे." तिला काय, तीस वर्षं कांदे परतून तिचं नाक कामातून गेलंय.

८ मार्च, शनिवार

पहिला सराव. एकोणीस पोरं आली. त्यातली सहा आईनं ढकललेली, चार आर्डिसच्या बिरॉकसाठी. कोबी नि खिमा भरलेले ते बन बघितले की गावातली माणसं कशालाही हो म्हणतात.

मी टेबलामागं उभी राहिले आणि म्हटलं, "बघा." तीन-सहा-तीन, मग सहा-सहा, मग एक-दहा-एक, आणि परत पहिल्यासारखं. ही पूर्ण फेरी. माझी वेळ कधीकाळी साडेदहा सेकंद होती. आज सव्वीस. दोन पेले घरंगळत गेले. जुने पेले गुळगुळीत झालेत, शिवाय हॉल गार.

मग नियम सांगितला, दर वर्षी सांगायची तोच. "घाई सगळ्यांना असते. पण पेला पडला की शर्यत गेली खड्ड्यात. आधी तो उचलायचा, नीट लावायचा, मग पुढं. पडलेला पेला तसाच टाकून पुढं गेलात तर लाल कार्ड. बाद. मग तुम्ही कुणाचेही कोण असा."

एक पोरगी आहे, मारिबेल ओंतिवेरोस, नऊ वर्षांची. आई मांसाच्या कारखान्यात कामाला. पोरगी एवढीशी, टेबलाला हनुवटी लागते. पण हात काय चालतात! डावा, उजवा, डावा, उजवा, एकमेकांची वाट न बघता. असे हात मी याआधी एकाच पोराचे पाहिले होते.

१६ मार्च, रविवार

एल्डनचा फोन. चार मिनिटं बारा सेकंद. गेल्या रविवारी तीन पन्नास होता, म्हणजे सुधारणा आहे. माझा मुलगा विचिटात विमानाच्या कारखान्यात आहे, बत्तीस वर्षांचा झाला, लग्न केलं नाही. दर रविवारी चर्चनंतर न चुकता फोन करतो. हवा कशी आहे, छप्पर गळतंय का, गाडीचं तेल बदललं का. माझी उत्तरंही ठरलेली.

आज शाळेचं सांगितलं.  मग म्हणाला, "भिंतीवरच्या फळ्याचं काय करणार?"

विक्रमांचा फळा हार्लननं बनवलेला. प्रत्येक वर्षी पूर्ण फेरीत पहिला आला त्याचं नाव आणि वेळ, पांढऱ्या रंगात. नव्याण्णवपासून मी रिटायर होईपर्यंत ओळीनं सगळी नावं आहेत, फक्त दोन हजार चारची ओळ कोरी. त्या वर्षी हार्लनकडचा पांढरा रंग संपला होता आणि मग राहूनच गेलं.

"तुला हवा का?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "ठेवतो आता, आई."

आता लिहायला बसलेच आहे तर लिहून टाकते. दोन हजार चारला एल्डन अकरा वर्षांचा होता. हॉल खच्चून भरलेला. माझ्या पोराच्या हातांसमोर कुणी टिकणार नव्हतं, आणि पंच मी. शेवटच्या दहाच्या मनोऱ्याआधी त्याचा एक पेला डाव्या कडेनं घसरून खाली आला. त्यानं उचलला नाही, पुढं गेला. घड्याळ थांबवायला हात टेबलावरच्या चटईवर आपटले तेव्हा घड्याळात नऊ पूर्णांक चार. माणसं बाकांवर उभी राहून ओरडत होती. मी लाल कार्ड वर केलं. म्हटलं, "बाद. पुढचा!" आणि पुढच्या पोराचं नाव पुकारलं. बाकांवरची माणसं खाली बसली. पण त्या दिवसापासून या गावात कुणी म्हणालं नाही की वीबी बाई आपल्या पोराला झुकतं माप देतात. याचा मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू.

दुपारी पालक आणि मूल अशा जोडीच्या फेऱ्या होत्या. आम्ही दोघं हिवाळाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर सराव केला होता. जोडीत एकानं फक्त उजवा हात वापरायचा, दुसऱ्यानं फक्त डावा. उरलेले हात एकमेकांच्या कमरेभोवती. दोन माणसांचा मिळून एक माणूस. पण आमचं नाव पुकारलं तर पोरगा गायब. मी यादीतून आमची जोडी खोडली. त्यानंतर एल्डननं पेल्याला हात लावला नाही. बास्केटबॉलकडे वळला. पोरांचं असंच असतं, उंची वाढली की आवड बदलते.

२९ मार्च, शनिवार

सत्तावीस पोरं! मारिबेल आज चौदा सेकंदांवर आली.

एका पोरानं सरावाचं फोनवर चित्रण केलं आणि सगळ्यांना दाखवलं. माझंच ध्यान दिसलं, टेबलांमधून फिरताना. उजवा हात नेहमीसारखा हलतोय आणि डावा अंगाशी धरलेला, कडेवर पोर असल्यासारखा. मी म्हटलं, "म्हातारपणी असं चालतात वाटतं." पोरं हसली. आर्डिस हसली नाही.

नंतर माझ्या कोटाची बटणं लावायला आली. मी म्हटलं, मला लावता येतात. ती म्हणाली, "केव्हाची बघतेय, तिसऱ्याच बटणावर आहेस. डॉक्टरला दाखव, बाई."

"थंडीनं बोटं आखडलीत."

"बाहेर ऊन पडलंय, लोक अर्ध्या बाह्यांत फिरतायत."

विषय बदलावा म्हणून फळ्याकडे बोट केलं आणि म्हटलं, जाता जाता ती कोरी ओळ तरी भरू या, हार्लनचा रंग संपला म्हणून राहिली. तर आर्डिस माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "रंग संपला? अगं, त्याच उन्हाळ्यात त्यानं आख्खं चर्च पांढरं केलं." आता तिला वर्षं आठवत नाहीत, त्याला मी काय करू.

एल्डनला पेल्यांच्या दिवसाचं पत्रक पाकिटात घालून पाठवलं. आत चिठ्ठी लिहिणार होते. 'ये' एवढं लिहायला काय हरकत होती? पण त्यानं यायचं नाही असं ठरवलं तर निदान मी बोलावलं नव्हतं असं तरी होईल. नुसतंच पत्रक टाकलं.

१२ एप्रिल, शनिवार

आज फार वाईट वागले. लिहायला नको वाटतंय, म्हणून आधी तेच लिहिते.

जोडीची फेरी शिकवत होते. मारिबेलला माझ्याबरोबर घेतलं. ती उजवा हात, मी डावा. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा माझ्या बाजूचे पेले कोसळले. पोरगी हात मागं घेऊन म्हणाली, "मिस, तुमचा डावा हात उशिरा येतो. आणि थांबला की थरथरतो. दुखतो का?"

तीसेक पोरं ऐकत होती. आयाही होत्या भिंतीशी. माझ्या डोक्यात सणक गेली. म्हटलं, "दुसऱ्याचे हात बघायला येतेस की पेले रचायला? आपल्यापुरतं बघावं. पुढचा कोण आहे?" आणि पुढचं नाव घेतलं.

ती शांतपणे गेली. दप्तर उचललं आणि गेली. मी सराव पूर्ण केला.

१९ एप्रिल, शनिवार

मारिबेल आली नाही. उद्या ईस्टर, पाहुणे असतील. सदतीस पोरं होती. सगळी मिळून तिच्या एकटीएवढी नाहीत.

डावा हात आज दिवसभर खिशात ठेवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण खिशात ठेवला की जास्त कळतं, तो आत आपला आपला काहीतरी मोजत बसतो.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळपासून घरात येरझाऱ्या. माफी मागायची सवय नाही. हार्लन म्हणायचा, "लोर्ना, सुंभ जळेल पण तुझा पीळ जायचा नाही." शेवटी गाडी काढली आणि धान्याच्या कोठारापलीकडे ट्रेलरची घरं आहेत तिथं गेले.

आई, ग्रासिएला, रात्रपाळी करून आलेली, डोळे लाल. तरी मला बसवलं, मक्याच्या पिठाचे, पानात गुंडाळलेले गरम तमाले पुढं ठेवले. मारिबेल टेबलाशी कॉफीचे कागदी पेले रचत होती, माझ्याकडे न बघता. पेल्यांना खालून भोकं पाडली होती, पेन्सिलीनं. मी एक उचलून उजेडाकडे धरला.

"मी त्या शनिवारी चुकले," मी म्हटलं. "तू काही वाईट बोलली नव्हतीस."

तिनं मनोरा उतरवला. मग म्हणाली, "मी चिडवायला नव्हतं सांगितलं. तुम्हीच म्हणता ना, पेला पडला की आधी उचलायचा. तुमचा पडलाय, मिस. तुम्ही तसंच पुढं जाताय."

ग्रासिएला तिला दटावायला लागली, "मोठ्यांशी असं बोलतात?" मी म्हटलं, "बोलू दे. बरोबर बोलतेय."

तमाले चांगले असणार. दोन खाल्ले. वास कसलाच आला नाही. त्या छोट्याशा खोलीत भांडंभर वाफाळत होते, पोरगी डोळे मिटून वास घेत होती, आणि मला नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

एल्डनला फोन केला. मी, मंगळवारी, भर दुपारी. तो घाबरलाच. "आई? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. दोन हजार चारबद्दल बोलायचंय."

मागं यंत्रांचा आवाज होता. तो चालत बाहेर गेला असावा, आवाज बंद झाला.

मी म्हटलं, "लाल कार्ड मी बरोबर दाखवलं होतं."

"माहीत आहे मला. पेला पडलेला मला दिसला होता. वाटलं, तू सोडशील."

"मग? मग एकवीस वर्षं रागावलास कशावर?"

तो हसला, पण ते हसू नव्हतं. "कार्डावर कोण रागावलंय, आई? तू 'बाद' म्हणालीस आणि त्याच दमात 'पुढचा' म्हणालीस. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. कपडे बदलायच्या खोलीत दोन तास बसलो होतो. वाटलं, आता येशील. बाबा आले."

मी म्हटलं, "पुढची पोरं खोळंबली होती." तोंडातून बाहेर पडलं आणि मलाच ऐकू आलं मी काय बोलले ते. एकवीस वर्षं मी याला पोराची उंची म्हणत होते, बास्केटबॉल म्हणत होते. आणि हार्लननं ओळ कोरी ठेवली ती रंग संपला म्हणून नाही. त्याला माहीत होतं. तो मला काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. किती मूर्ख बाई आहे मी.

"चुकलं माझं, एल्डन. यायला हवं होतं मी. त्या खोलीत."

तो खाकरला. मग, "बरं." आणि मग, "सतराला माझी शिफ्ट आहे. बघतो."

हाताचं काही सांगितलं नाही. एका दिवसात एकच पेला. फोन किती वेळ चालला कोण जाणे, स्टॉपवॉच लावायचं राहिलं.

११ मे, रविवार

मदर्स डे. फोन आला. सहा मिनिटं. सतराचं त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. दोघं एकाच मातीचे.

मारिबेल बारा सेकंदांवर आली आहे. तिची आई सतराला सुट्टी घेतेय, जोडीच्या फेरीसाठी. ट्रेलरमध्ये दोघी सराव करतात. ग्रासिएला म्हणाली, "रात्रभर मांस कापणारे हात आहेत माझे, एवढे नाजूक पेले धरवत नाहीत." मी म्हटलं, "पेल्याला कळू द्यायचं नाही."

१८ मे, रविवार

काल लिहायला हातच चालला नाही, अंगानं नि मनानं थकले होते. आज सगळं लिहिते.

त्रेसष्ट पोरं आली! आसपासच्या गावांतूनही. एके काळी माझ्यासमोर रांगेत उभी असलेली पोरं आता पोटं सुटलेली, टोप्या घातलेली, आपापल्या पोरांना खांद्यावर घेऊन. एकजण येऊन म्हणाला, "मिस, मला ओळखलं का? तुम्ही मला च्युइंगगम नाकावर चिकटवून उभं केलं होतं." म्हटलं, "नाक तेच आहे, ओळखलं की." बाकांवर जागा नाही. बाहेर वारा सुटलेला, दारं आपटत होती, आणि आत शेकडो पेल्यांचा तो आवाज, टिनाच्या छपरावर गारा पडाव्यात तसा. मी डोळे मिटले तर नव्याण्णव साल होतं, हार्लन दाराशी हात बांधून उभा होता. मला त्याची इतकी आठवण आली की यादी हातातून पडली.

सकाळभर मी दाराकडे बघत होते. किती वेळा ते मोजलं नाही.

पूर्ण फेरीत मारिबेल पहिली. अकरा पूर्णांक साठ. एक पेला पडला, तो तिनं उचलला, लावला, पुढं गेली, तरी पहिली. ग्रासिएला रडली. जोडीत मात्र मायलेकी चौथ्या आल्या आणि त्याचा आनंद दोघींना जास्त झाला.

मग आर्डिस माइकवरून म्हणाली, "शेवटची जोडी. दोन हजार चार सालची एक फेरी राहिलेली आहे. लोर्ना वीबी आणि एल्डन वीबी."

मी तिला खुणेनं म्हटलं, वेड लागलं का. ती दाराकडे बघत होती. तिथं तो होता. कारखान्याच्या निळ्या कपड्यांत, शिफ्टमधून तसाच तीन तास गाडी हाकत आलेला. टोपी काढली. कानशिलावर केस पांढरे झालेत त्याचे. फोनवर ते दिसत नाही.

टेबलापाशी आला. मी डावा हात खिशात घातला. त्यानं बघितलं.  फिरून माझ्या डाव्या बाजूला आला आणि उजवा हात माझ्या कमरेभोवती टाकला.

"डावा मी घेतो, आई. तू उजवा."

"तू डावखुरा नाहीस," मी म्हटलं.

"तूही नाहीस. कुणालातरी घ्यावाच लागेल ना."

पंच मारिबेल होती. आर्डिसनं तिला बसवलेली, हातात दोन कार्डं, चेहरा न्यायाधीशाचा. आम्ही हात चटईवर ठेवले आणि सुरू केलं.

काय सांगू! तो सावकाश येत होता, मी सावकाश जात होते, आणि मध्ये कुठंतरी गाठ पडत होती. स्वयंपाकघरातलं टेबल, बर्फ, हार्लनचं "भांडी झाली का लावून?" सगळं हातांना आठवत होतं. सहा-सहाच्या वेळी त्याच्या बाजूचा एक पेला घसरला. डावीकडूनच. तो थांबला, खाली वाकला, उचलला, नीट लावला. मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. मग पुढं गेलो.

शेवटच्या दहाच्या मनोऱ्यात वरचा पेला कलला आणि माझा डावा हात, तो शहाणा, खिशातून कधी बाहेर आला कळलंच नाही, त्यानं पेल्याला आधार दिला. चटईवर हात आपटले. एकतीस पूर्णांक दोन. दिवसातली सगळ्यांत वाईट वेळ. हॉल टाळ्यांनी फुटायचा बाकी होता.

मारिबेलनं लाल कार्ड वर केलं.

टाळ्या थांबल्या. तिनं कार्ड खाली घेतलं नाही. "दुसरा हात लागला, मिस. बाद."

"बरोबर," मी म्हटलं. "लागला."

आता ती पुढं काय करणार ते मला माहीत होतं, मीच शिकवलंय सगळ्यांना. पण तिनं कुणालाही पुकारलं नाही. कार्ड टेबलावर ठेवलं, खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या पोटाला घट्ट मिठी मारली. एल्डनचा हात अजून माझ्या कमरेभोवती होता. त्याचं अंग हलत होतं. मला वाटलं हसतोय. वर बघितलं तर नव्हता हसत.

मग मीही रडले. भर हॉलमध्ये, स्टॉपवॉच गळ्यात, सगळ्या गावासमोर. नॉयफेल्डला पुढची शंभर वर्षं बोलायला झालं.

पोरं पांगल्यावर एल्डननं शिडी लावून फळा उतरवला. दोन हजार पंचवीसच्या ओळीत मारिबेलनं स्वतःच्या हातानं आपलं नाव लिहिलं. मी ब्रश एल्डनपुढं धरला. म्हटलं, "चारची ओळ?"

"बाद झालो होतो ना मी," तो म्हणाला. "बाबांनी ठेवलीय तशीच राहू दे."

फळा त्याच्या ट्रकमध्ये ठेवला. त्याला हवा होता तो. दिवे घालवायला दोघं परत आत आलो. रिकाम्या हॉलमध्ये मधोमध उभा राहून त्यानं छाती भरून श्वास घेतला. म्हणाला, "आई, वास अगदी तोच आहे गं. मेण, बूट, सगळं. जराही बदलला नाही."

म्हणजे वास गेला नव्हता.

"हो," मी म्हटलं. "तोच आहे."

दोन पावलं चाललो. दाराशी मी थांबले. पेला पडला की तिथल्या तिथं.

"खोटं बोलले, एल्डन. मला वास येत नाही. मार्चपासून, कदाचित त्याच्याही आधीपासून. बटणं लागत नाहीत. आणि हा हात..." खिशातून काढून त्याच्यापुढं धरला. तो थरथरत होता, लपवला नाही.

एल्डननं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला.  बराच वेळ तसाच धरून उभा होता. दिवे चालूच राहिले.

१२ जून, गुरुवार

विचिटा. दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून लिहितेय. मज्जातंतूंचे डॉक्टर, वेळ साडेदहाची, आता अकरा वाजून नऊ मिनिटं. नापास. एल्डननं सुट्टी घेतलीय. शेजारी बसून जुनं मासिक उलटं धरून वाचतोय.

भीती वाटतेय. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाही म्हणायला नको.

मारिबेलनं पत्र पाठवलंय. नव्या शाळेच्या पीटीच्या सरांना तिनं विचारलं, पेल्यांचा दिवस कधी असतो. ते म्हणाले, हे काय असतं? तिनं लिहिलंय, "मिस, तिथं आपणच सुरू करू. सप्टेंबरपर्यंत बऱ्या व्हा. मला एकटीला एवढी खोकी उचलवणार नाहीत." बरी होण्यासारखं हे नसेल तर तिला खरं सांगेन. खोकी एल्डन उचलेल.

नर्स दारात आली. पुढचं नाव पुकारतेय. माझंच आहे. मी वही मिटायच्या आत एल्डन उठला आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला.